आडनावाचे गुण

यवतमाळच्या दत्त चौकात चहाच्या टपरीवर अनोळखी माणूस बाकावर टेकला, की पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत त्याच्यापुढे दोन प्रश्न येतात. ‘कोन्या गावचे जी तुमी?’ आणि लगेच, ‘आडनाव काय म्हन्ले?’ गाव कळलं की विचारणाऱ्याचा भूगोल लागतो आणि आडनाव कळलं की उरलेलं सगळं लागतं. त्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. वणीत किंवा पुसदला आपलं कोणीतरी त्या घरात दिलेलं असेल, ओळख निघेल, एवढीच त्याची हौस. तरी उत्तर ऐकल्यावर बाकावरची जागा किंचित रुंदावते किंवा किंचित आक्रसते, आणि हे ज्याला कळायचं त्याला नेमकं कळतं. निदान यंत्रं तरी या भानगडीत पडत नसतील, असं आपलं आपल्याला वाटत राहतं.

पण यंत्रांनाही आडनाव असतं. संगणकाच्या चिपच्या पोटात बारा रोमन अक्षरांचं एक नाव कोरून ठेवलेलं असतं, आणि कुठल्याही प्रोग्रॅमनं विचारलं की चिप ते निमूटपणे सांगते. इंटेलची चिप सांगते ‘जेन्युइनइंटेल’. एएमडीची सांगते ‘ऑथेंटिकएएमडी’. कामाला हात लावण्याआधी आपल्या खरेपणाची ग्वाही देण्याची गरज दोन्ही घराण्यांना वाटलेली दिसते. या दोन मोठ्या वाड्यांच्या मधल्या बोळात व्हिया नावाच्या तैवानी कंपनीचं बिऱ्हाड होतं. तिच्या नॅनो नावाच्या चिपचं आडनाव ‘सेंटॉरहॉल्स’. या नॅनोमध्ये एक वेगळीच सोय होती: तिला आपलं आडनाव बदलून सांगता येत असे. २००८ साली आर्स टेक्निका या संकेतस्थळाच्या परीक्षकांनी तिला पीसीमार्क २००५ या चाचणीला बसवलं. मग तीच चिप, तीच पाटी, तोच पेपर ठेवून फक्त आडनाव बदललं. एएमडीचं नाव लावल्यावर स्मृतीच्या भागात तिचे गुण सुमारे दहा टक्क्यांनी वाढले. इंटेलचं नाव लावल्यावर सुमारे सत्तेचाळीस टक्क्यांनी.

सत्तेचाळीस टक्के! मी हा आकडा वाचला तेव्हा मला हसू आलं आणि ते हसू बराच वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, कारण त्याचं पुढे काय करायचं ते सुचेना. पेपर तपासणाऱ्यानं मुद्दाम काही केलं होतं असं नाही. ओळखीच्या घरच्या चिपला जवळची वाट दाखवायची आणि अनोळखी घरच्या चिपला सुरक्षित अशी लांबची, एवढाच त्याचा शिरस्ता असू शकतो. इंटेलच्या कंपायलरवर, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या दुभाष्यावर, नेमका हाच आरोप बरीच वर्षं होत होता: तो चिपला काय येतं हे विचारण्याआधी ती कोणाची हे विचारतो. एएमडी यासह अनेक तक्रारी घेऊन २००५ साली न्यायालयात गेली होती आणि २००९ मध्ये इंटेलनं तिला सव्वाशे कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत, आपला कंपायलर आपल्या आणि परक्या चिपांत फरक करतो हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सांगण्याचं इंटेलला कबूल करावं लागलं. फरक करू नका असं नव्हे, करता ते सांगा. आमच्याकडे बाकावरची जागा आक्रसते तेव्हा एवढंही कोणी सांगत नाही.

नाव बदलण्याची खोडी उलट्या बाजूनंही चालते. २००१ साली एटीआय कंपनीच्या चित्रं काढणाऱ्या चिपवर ‘क्वेक’ हा खेळ फार वेगानं धावत असे. हार्डओसीपी या संकेतस्थळवाल्यांनी खेळ तोच ठेवला आणि त्यात जिथे जिथे ‘क्वेक’ होतं तिथे ‘क्वॅक’ केलं. चिपचा वेग तत्क्षणी उतरला आणि चित्रं मात्र आधीपेक्षा सुबक दिसू लागली. पाहुणा ओळखीचा निघाला की आत्याबाई घाईघाईनं ताट मांडत होत्या, आणि परका आला की निवांतपणे, नीट वाढत होत्या, असा काहीसा तो प्रकार. आता नाव बदलण्याबद्दल मी फार बोलू नये. खुद्द आमचा जिल्हा पूर्वी वणीच्या नावानं ओळखला जात असे. इंग्रज त्याला ‘वून’ म्हणत. १९०५ साली त्याला यवतमाळचं नाव मिळालं. त्यानं जिल्ह्याचे गुण किती टक्क्यांनी वाढले याची नोंद मला कुठे सापडलेली नाही.

या सगळ्या कज्ज्यांमध्ये माझा आवडता आहे तो २०१८चा, कारण त्यात खोटं असं कोणीच बोलत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलनं कोअर आय-नाइन ९९००के ही नवी चिप बाजारात आणायचं ठरवलं आणि अमेरिकेतल्या डरहॅम गावच्या प्रिन्सिपल्ड टेक्नॉलॉजीज या संस्थेला पैसे देऊन चाचण्या करायला सांगितल्या. समोर एएमडीची रायझन सेव्हन २७००एक्स. निकाल आला: काही खेळांत इंटेल पन्नास टक्क्यांपर्यंत पुढे. लोकांनी अहवालाची पानं उलटली आणि बारीक अक्षरातल्या गोष्टी वर यायला लागल्या. इंटेलच्या चिपच्या डोक्यावर चांगला, महागडा पंखा होता. एएमडीच्या डोक्यावर खोक्यातून आलेला. आणि मुख्य म्हणजे एएमडीच्या यंत्रात ‘गेम मोड’ चालू होता. खेळांची चाचणी आहे तर खेळाचं बटण दाबावं, यात कोणाला वावगं वाटेल? पण हे बटण मुळात एएमडीच्या दुसऱ्या, दांडग्या चिपांसाठी होतं, आणि या चिपवर ते दाबलं की तिच्या आठ गाभ्यांपैकी (कोअरपैकी) चार झोपी जात. म्हणजे बिचारी रायझन अर्धं अंग लुळं ठेवून पळत होती आणि शेजारून कोणीतरी पोरगं मनापासून म्हणत होतं की बाई, तुझ्याच भल्यासाठी केलं.

पुढचं मला जास्त हृद्य वाटतं. गेमर्स नेक्सस या चॅनलचे लोक कॅमेरा घेऊन थेट डरहॅमला पोचले, आणि त्या संस्थेच्या प्रमुखांपैकी एकजण त्यांच्यासमोर खुर्चीत बसला. पळून गेला नाही, वकिलाचं नाव सांगितलं नाही. प्रश्न आले तशी उत्तरं देत राहिला. संस्थेनं चाचण्या पुन्हा केल्या, बटण बंद ठेवून. अंतर कमी झालं, तरी इंटेल पुढेच राहिली. ती होतीच पुढे! हे कळल्यावर तर मला या सगळ्या प्रकाराची गंमत नव्यानं वाटू लागली. जिंकणाऱ्यालाही जिंकेपर्यंत धीर धरवत नाही. एएमडीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. २०१९च्या मे महिन्यात तैपेईच्या कॉम्प्युटेक्स मेळ्यात तिनं आपली नवी चिप इंटेलच्या झिऑनच्या दुपटीहून जास्त वेगानं धावताना दाखवली, आणि आता गळा काढायची पाळी इंटेलची होती: आमच्या चिपला नीट तयारीच करू दिली नाही हो! त्याच वर्षी नोव्हेंबरात इंटेलनं आपले आकडे छापले, तर त्यात वापरलेला प्रोग्रॅम जुना असल्याचं, आणि नव्या आवृत्तीत एएमडीच्या चिपला ओळखण्याची सोय असल्याचं लोकांनी दाखवून दिलं. दोन्ही वकील तेच, अशील तेवढे आलटून पालटून.

हे सगळं इतकं ओळखीचं का वाटतं, याचा उलगडा मला दिवाळीनंतरच्या एका सकाळी जिनिंगच्या आवारात झाला. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आलेली होती. आत सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, ग्रेडर. त्याच्या हातात ओलावा मोजायचं यंत्र. नियम साधा आहे. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात, बाराच्या वर गेला तर गाडी परत. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७७१०. आता कापूस हा जात्याच पाणी धरणारा जीव. कितीही वाळवा, भोवतालच्या हवेतून आपल्या वाट्याचे सात-आठ टक्के तो घेतोच. पहाटेच्या दवात तो जड आणि गहिवरलेला असतो. दुपारी एकच्या सुमाराला त्याचं मन हलकं होतं. त्यामुळे रांगेत आपला नंबर कितव्या तासाला लागतो, यावर शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब किंचित इकडे तिकडे होतो. सकाळी आठच्या गाडीला अकरा टक्के लागले आणि दुपारच्या गाडीला नऊ, तर दोन्ही कापूस एकाच बांधाच्या दोन बाजूंचे असूनही त्यांच्यात घराणेशाही सुरू होते.

त्या सकाळी एक गाडीवान ग्रेडरला म्हणाला, ‘साहेब, मशीन वरतून लावा न जी.’ ग्रेडर हसला आणि त्यानं कोपरापर्यंत हात कापसात खुपसून खालचा मूठभर कापूस काढला. गाडीवानही हसला. वरचा थर कोरडा ठेवायचा, हे त्याला ठाऊक, आणि वरचा थर कोरडा असतो, हे ग्रेडरला ठाऊक. दोघंही आपापल्या जागी इतके तरबेज की फसवणूक अशी उरलीच नव्हती. मग यंत्रावर वाद झाला. शेतकऱ्याच्या भाच्यानं आपलंही एक यंत्र आणलं होतं, बाजारातून विकत घेतलेलं. त्यात साडेआठ, यात साडेदहा. दोन यंत्रं शेजारी ठेवून चार माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहात उभी राहिली, जणू त्यातलं एखादं आता शरमेनं आकडा बदलेल. अशा यंत्राच्या डब्याची टोकं कापसात खुपसली की कापसातून वीज किती सहज जाते यावरून तो ओलावा सांगतो. ओला कापूस विजेला वाट देतो, कोरडा अडवतो. ते गणित करायला डब्यात एक चिमुकली, स्वस्तातली चिप बसलेली असते. ना तिला डोक्यावर पंखा, ना तिची कोणाशी शर्यत, ना तिच्या वतीनं भांडायला कोणी डरहॅमला जाणार. पण तिच्या शब्दावर एका घरातल्या मुलीची फी आणि एका घरावरचं टिन अवलंबून असतं.

मापावरचा अविश्वास आमच्या मातीत जुना आहे. कापसात पाणी मारणं, सरकी मिसळणं, दगड घालणं या गोष्टींनी इंग्रज व्यापारी इतके हैराण झाले होते की मुंबई सरकारनं १८६३ साली कापसातल्या फसवणुकीविरुद्ध खास कायदाच केला. अमेरिकेत यादवी पेटलेली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी, आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे. पुढे रिवेट-कार्नॅक नावाचे साहेब मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे कापूस आयुक्त म्हणून आले. त्यांनी कापसाच्या जाती, गाड्या, बाजार सगळं तपासलं. त्या काळी आमच्याकडे ‘बनी’ नावाचा लांब, मऊ धाग्याचा कापूस होता आणि ‘जरी’ नावाचा आखूड, पण लवकर येणारा. जरीनं हळूहळू बनीला शेतातून हुसकलं. आणि लिव्हरपूलच्या बाजारात? तिथे वऱ्हाडाचा कापूस अमरावतीच्या नावानं ‘उमरा’ म्हणून विकला जाई. वणीच्या काळ्या रानात वेचलेलं बोंड समुद्र ओलांडताना अमरावतीकर होत असे. भाव नावाला मिळे. धागा मागाहून तपासला जाई.

त्याच कापसासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची शकुंतला गाडी आली. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन ती थेट १९९४च्या एप्रिलपर्यंत ओढत होतं. मी लहानपणी तिच्यातून गेलो आहे. वेगाच्या बाबतीत शकुंतलेची कोणाशी तुलना कोणी केली नाही, आणि तिनंही कधी तशी अपेक्षा ठेवली नाही. लोक चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडत आणि पुन्हा चढत, असं सांगतात. मी तोडलेली नाहीत, पण तोडता आली असती. या गाडीच्या दुसऱ्या टोकाला, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावी, १९४६ साली विजय भटकर जन्मले. भारतातल्या सगळ्यात हळू गाड्यांपैकी एकीच्या शेवटच्या स्टेशनाजवळच्या गावातला मुलगा भारताचा सगळ्यात वेगवान संगणक बांधतो, यात काहीतरी विनोद आहे आणि तो विनोद फार गोड आहे. अमेरिकेनं हवा तसा क्रे संगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं आणि १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच्या आधी, १९९० साली, त्याचा एक नमुना झुरिचच्या प्रदर्शनात नेऊन जगासमोर मोजून घेतला, असं त्या कहाणीत आवर्जून सांगतात. मला या कहाणीत वेगापेक्षा ते नेणं भावतं. घरी मोजलेल्या आकड्याला कोणी विचारत नाही, म्हणून आपलं यंत्र उचलून परक्या काट्यावर नेऊन ठेवणं. लग्नाच्या मुलीला घेऊन स्वतःच पाहुण्यांच्या दारात जाण्याइतका संकोच त्यात असणार.

परका काटा तरी कुठला स्थिर असतो म्हणा. चिपांसाठी निःपक्ष चाचण्या करायला १९८८ सालीच अमेरिकेत स्पेक नावाची संस्था निघाली. २०२४च्या फेब्रुवारीत तिनं इंटेलच्या चिपांचे २६०० हून जास्त निकाल एकदम नाकारले. कारण असं की इंटेलच्या कंपायलरला एका चाचणीतला मजकूर आधीच ठाऊक असल्यासारखा होता आणि तो नेमका तेवढ्यापुरता चमकत होता. आमच्या शाळेत दिपोटीसाहेब तपासणीला येत तेव्हा मास्तर चौथीच्या पुढच्या बाकावर एका मुलाला बसवत. त्याला सतराचा पाढा पाठ होता. सोळाचा नव्हता, अठराचाही नव्हता. साहेबांनी पाढा विचारला की मास्तर अगदी सहज म्हणत, ‘सतराचा म्हण रे.’ पोरगं खणखणीत म्हणे. दिपोटीसाहेब समाधानानं वहीत काहीतरी लिहीत. आज वाटतं, तेही सतराचाच पाढा ऐकत जिल्हाभर फिरत असतील, आणि प्रत्येक शाळेत कसा नेमका तोच निघतो याचं आश्चर्य त्यांनी घरी पत्नीजवळ बोलून दाखवलं असेल. किंवा बोलले नसतील. चहा प्यायले असतील.

ज्यांच्यासाठी ही मोजणी चालते, ती विकत घेणारी माणसं मात्र या सगळ्या गलबल्यात फार मागे उभी असतात. पेंटियम फोर ही चिप २००० साली आली. तिचे आकडे फुगवून दाखवले, असा दावा तिच्या काही खरेदीदारांनी अमेरिकेत लावला, आणि तडजोड व्हायला २०१४ उजाडलं. ज्यांनी तेव्हा त्या चिपचा संगणक घेतला होता त्यांना प्रत्येकी पंधरा डॉलर. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-फोर फोनची चिप चाचणीचा प्रोग्रॅम ओळखला की एरवीपेक्षा जोरात पळते, हे २०१३ साली उघडकीला आलं. त्याची तडजोड २०१९ मध्ये. प्रत्येकी दहा डॉलर. मला त्या पंधरा डॉलरवाल्या माणसांची फार आठवण येते, ओळख नसताना. तोवर तो संगणक भंगारात गेलेला. त्यावर अभ्यास करणारी मुलं नोकरीला लागलेली. घरच्या टपालात एक चेक येतो आणि कोणीतरी आठवायचा प्रयत्न करतो की आपण कधी काळी थोडे हळू चालत होतो का.

आता कापूस आणि चिप एकाच खिशात आले आहेत. २०२५-२६च्या हंगामापासून सीसीआयला कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नाव नोंदवावं लागतं. आमच्या शेजारच्या काकांनी पोळा झाल्यावर त्यासाठी फोन घेतला. पुण्याहून आलेल्या पुतण्यानं तो निवडून दिला होता, आणि नोंदणी करून देताना त्यानं कौतुकानं सांगितलं की या फोनचा अंतुतु स्कोअर सात लाखांच्या वर आहे.

काकांनी चष्मा वर सरकवला. ‘सात लाख? क्विंटलले का खंडीले?’

पुतण्या हसून समजावू लागला. चिप, गाभे, चाचणी, तुलना. काका सगळं नीट ऐकून घेत होते. ते कोणाचंही पूर्ण ऐकून घेतात. मग म्हणाले, ‘हे मोजलं कोठं? एसीत?’

‘हो, बहुतेक.’

‘आन् आपल्या इथं, मे मयन्यात, वावरात?’

पुतण्या जरा थांबला. मग त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं की उन्हात तापला की फोन आपला वेग आपोआप कमी करतो. सात लाख नाही भरणार. बराच कमी भरेल.

‘मंग आमच्या कापसासारकाच हाय तो,’ काका म्हणाले. ‘उनात वजन कमी भरते. पन भाव पुरा भेटते.’